नवा डेटाबेस आणि वहिनीचं बियाणं

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., कॉम्प्युटर घेऊन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती शिकलेल्या माणसाची चूक आहे. आमच्या बाबांसमोर कॉम्प्युटरचा तो निळा पडदा आला असता तर त्यांनी हात मागे घेतला असता आणि विचारलं असतं, "काय लिहून हाय यात?" मी विचारलं नाही. मला येत होतं ना सगळं.

गाव आमचं बाजारहत्नूरकडचं, सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखातलं. नोकरी जवळच्या बोथ गावी, शेतकऱ्यांच्या एका कंपनीत. कंपनी म्हटल्यावर काचेची इमारत डोळ्यासमोर आणू नका. दोन खोल्या, मागे पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये रांगेनं ओली गोणपाटं. उन्हाळा सरत आला की लोक घरचं सोयाबीन घेऊन येतात. बाजारातली थैली महाग, म्हणून मागच्या हंगामातलं घरचंच बियाणं पेरायचं. पण सोयाबीन नाजूक. मळणीत मार बसला, पोती एकावर एक रचली, की आतला कोंब मरतो आणि वरून दाणा तकतकीत दिसत राहतो. म्हणून शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडायचं आणि आठवडाभरानं उघडायचं. सत्तर उगवले तर बिनधास्त पेरा. साठ उगवले तर एकरी बियाणं वाढवा. त्याच्याही खाली गेलं तर ते विकून टाका, पेरू नका.

दाणे मांडायचं आणि कोंब मोजायचं काम आमच्या शेडमधल्या दादांचं. पन्नाशीचा माणूस, सातवी शिकलेला, पण कोंब मोजताना त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही हा नियम. मोजून झालं की ते आकडा सांगायचे आणि मी तो मोबाइलमधून सरळ आमच्या कॉम्प्युटरवर टाकायची. कागद कुठेच नाही. तो कागद मीच बंद केला होता. त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मागच्या वर्षी आम्ही निकालाची यादी बाहेरच्या भिंतीला लावली होती. नाव, गाव, शंभरात किती. मला वाटलं, छान, सगळं उघड, कोणाची तक्रार नको. त्या यादीत आमच्याच गावच्या एका वहिनीचं नाव होतं. गावच्या नात्यानं वहिनी. त्यांचे मालक मला दादा लागतात. त्यांच्या नावापुढे आकडा आला एकतीस. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांना मूल नाही. चहाच्या हॉटेलात कोणीतरी म्हणालं, "घरात काई उगवत नाई, वावरात काय उगवन?" सगळे हसले. ते हसणं तीन तोंडांतून वहिनीपर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. भिंतीसमोर उभ्या राहून यादी पूर्ण वाचली, त्यांना वाचता येतं. मग मला म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या ना? मंग हे काऊन लावलं?"

मी यादी फाडली आणि त्यांना शब्द दिला की पुढच्या वर्षी भिंतीवर काय, कागदावरसुद्धा कोणाचं नाव येणार नाही. थैलीवर फक्त नंबर. नंबराची चिठ्ठी शेतकऱ्याजवळ. कोणता नंबर कोणाचा आणि किती उगवलं, हे फक्त कॉम्प्युटरला ठाऊक. निकाल आतल्या खोलीत, एकेकाला, दार लोटून. शेडमधले दादा तेव्हा म्हणाले होते, "एक वही तरी ठेव ताई, पेटीत." मी नाही म्हटलं. वही कोणीतरी उघडतंच.

यावर्षी वहिनी पुन्हा बियाणं घेऊन आल्या ते त्या शब्दावर.

आता कॉम्प्युटरचं. आमचा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली. लिनक्स मला कॉलेजपासून माहीत आहे, कारण ते फुकट मिळतं आणि आमच्या लॅबमध्ये फुकटचंच चालायचं. लिनक्स एकच नाही, त्याची पुष्कळ घराणी आहेत, त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. प्रत्येक घराण्याचं स्वतःचं कोठार असतं, तिथे हजारो प्रोग्रॅम तपासून ठेवलेले असतात आणि त्यांची डागडुजी घराण्याची माणसं करतात. माहिती साठवणारा आमचा प्रोग्रॅम, म्हणजे डेटाबेस, होता मायएसक्यूएल. त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, सगळ्यांना खुला, त्यामुळे पूर्वी काही जणांनी तो घेऊन वेगळी वाट धरली. ती वाट म्हणजे मारियाडीबी. अशा वाटेला फोर्क म्हणतात, आपण फाटा म्हणू. फाट्यापर्यंतचा रस्ता दोघांचा एक. पुढे जितकं जावं तितकं अंतर वाढत जातं.

हा फाटा फुटल्यावर घराण्यांनी काय केलं? कोणी दोन्ही ठेवले आणि म्हटलं, तुमचं तुम्ही निवडा. कोणी जुना कोठारातून काढला आणि त्याच्या जागी नवा बसवला, तोही असा की जुनं नाव घेऊन हाक मारली तरी नवा ओ देतो. आमचं घराणं या दुसऱ्या तऱ्हेचं. कोण बरोबर, कोण चूक यावर लोक इंटरनेटवर पानंच्या पानं भांडलेत. मी थोडं वाचलं आणि सोडून दिलं. मला एवढंच हवं होतं की दुरुस्त्या वेळेवर येत राहाव्यात.

आमच्याकडे मात्र एक गोम होती. माझ्या आधी जो मुलगा होता त्याने कोठारातला प्रोग्रॅम न घेता बाहेरून नव्यातला नवा मायएसक्यूएल आणून बसवला होता. का, ते तोच जाणे. मला हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय होतो ते मी कधी शोधलं नव्हतं.

पेरणी आठ दिवसांवर आली होती. सगळे आकडे टाकून झाले होते, दुसऱ्या दिवसापासून निकाल सांगायचे होते. आणि मी त्याच सकाळी आमचं लिनक्स नव्या आवृत्तीवर न्यायला घेतलं. जुन्या आवृत्तीच्या दुरुस्त्या बंद होणार होत्या आणि एकदा निकाल सुरू झाले की महिनाभर हात लावायला वेळ मिळणार नव्हता. बॅकअप होता, पण मागच्या रब्बीचा. "काही होत नाही" हे माझं स्वतःचं वाक्य आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

आमचे मॅनेजर सर मागे उभे होते. सर तेलुगू, करीमनगरकडचे. आमच्याशी हिंदीत बोलतात.

"कितना टाइम लगेगा, मॅडम?"

"एक घंटा, सर. सब अपने आप होता है."

आणि खरंच आपोआप चाललं होतं. ओळीमागून ओळी सरकत होत्या. मध्येच पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजीतला एक परिच्छेद, खाली एकच बटण, ओके. कॉलेज संपल्यावर मी दोन वर्षं ऑनलाइन अर्ज भरायच्या सेंटरवर काम केलं. बाहेर रांग, आत मी, आणि पडद्यावर सारखं ओके, ओके, ओके. त्या दोन वर्षांत मी ओके न वाचता दाबायला शिकले. इथेही दाबलं. सर बघत होते, आणि अडून वाचत बसले तर हिला येत नाही असं वाटेल, हेही मनात होतंच. खोटं कशाला बोलू.

तासाभरात मशीन नव्या आवृत्तीवर सुरू झालं. सर खूश होऊन जेवायला गेले. मी आमचा प्रोग्रॅम उघडला. पासवर्ड चुकीचा, म्हणाला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. मग मागच्या दारानं, म्हणजे मालकाच्या अधिकारानं, डेटाबेसमध्ये शिरले आणि म्हटलं, दाखव काय काय आहे. त्याने स्वतःच्या कामाच्या तीनचार गोष्टी दाखवल्या. आमचं काहीच नाही. एक नंबर नाही, एक नाव नाही, एक कोंब नाही.

मी उठून शेडमध्ये गेले. दादा धुतलेली गोणपाटं वाळत घालत होते. आठवड्याचं काम त्या दोरीवर स्वच्छ होऊन लोंबत होतं.

"दादा, डेटा गेला."

"कुठी गेला?"

"माहीत नाही."

ते गोणपाट झटकत म्हणाले, "मले आठवते थोडं थोडं. बावीस नंबरचं चांगलं होतं. चाळीसच्या पुढचे दोन गेलेच होते. बसून लिवून काडू."

"आठवणीवर बियाणं पेरतात का, दादा?"

"मंग काय करतं? पुन्हा मांडाले आठ दिवस लागते. मिरग थांबते काय तुयासाठी?"

सर परत आले, ऐकलं आणि तिथल्या तिथे फोन लावला. निजामाबादेत त्यांच्या ओळखीचा एक कॉम्प्युटरवाला होता. तो म्हणाला, नवा डेटाबेस मुळापासून काढून टाका, जुना परत बसवा, सगळं पहिल्यासारखं होईल. सरांनी दुसरा उपायही तयार ठेवला होता, "ग्रूप में डाल दो. सब लोग अपना नंबर और नाम भेज देंगे. दादा को जो याद है वो सामने लिख देंगे."

मोबाइलवरच्या त्या ग्रूपमध्ये कंपनीची बाराही गावं होती. चहाच्या हॉटेलातले सगळे होते.

"नाही सर," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, मला हिंदी सुचलीच नाही. "ग्रूपमध्ये एकही नाव जाणार नाही. आणि आता मी वाचल्याशिवाय एक बटण दाबणार नाही."

तेवढ्यात ऑटो थांबला आणि त्यातून वहिनी उतरल्या. निकाल उद्यापासून होता. त्या एक दिवस आधी आल्या होत्या, मुद्दाम, गर्दी नसताना. हातात चिठ्ठी घट्ट धरलेली.

मी त्यांना खरं सांगितलं. लपवून काय उपयोग होता? "वहिनी, मशीन बदललं आणि आकडे दिसत नाहीयेत. माझ्या हातून झालं."

त्यांनी हातातली चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "कागद नाई?"

"नाही."

"माह्यासाठीच बंद केला होता तुमी."

"हो."

"आज दुकानात थैली घेऊन ठेवा लागते, नाईतं संपते म्हंते हे. घरचं चांगलं असन तं थैलीचा खर्च काऊन करा? सांगा तुमीच." त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. "शेवटचा ऑटो पाचले हाय. मी बसतो."

बसल्या त्या बसल्याच. घड्याळात एक वाजून गेला होता.

मी आत जाऊन पहिलं काम केलं ते म्हणजे सकाळची नोंद उघडली. लिनक्स स्वतः काय काय केलं ते लिहून ठेवतं. आवृत्ती बदलताना त्याने बाहेरून आणलेला मायएसक्यूएल काढून त्या जागी कोठारातला मारियाडीबी बसवला होता. निजामाबादवाल्याचा उपायही तपासला. मुळापासून काढताना ते एक प्रश्न विचारतं, डेटाही पुसू का? आणि मला ठाऊक होतं की घाईतला माणूस तिथे काय दाबतो. मग सकाळचा तो निळ्या पडद्यावरचा परिच्छेद शोधून काढला आणि शाळेतल्यासारखा, बोट ठेवून, शब्द शब्द वाचला.

त्यात लिहिलं होतं की इथे असलेला डेटा दुसऱ्या वाटेच्या प्रोग्रॅमचा आहे आणि मला तो आपोआप बदलून घेता येणार नाही. म्हणून मी त्याच्या फोल्डरला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवतो आहे आणि स्वतःसाठी रिकामं नवं फोल्डर करतो आहे. तुमचं त्यात काही असेल तर हातानं काढून घ्या.

मी पुन्हा वाचलं. बाजूला ठेवतो आहे. मग शेजारची फोल्डरं बघितली. जुन्याच नावाचं एक, आणि त्याला लागून त्याच नावापुढे आवृत्तीचा आकडा जोडलेलं दुसरं. आकारानं जड.

सांगते, मला रडू आलं नाही. राग आला, स्वतःचा. जगात कुठेतरी बसलेल्या एका माणसानं ही पाटी लिहिताना विचार केला होता की या फाट्यावर कोणीतरी सामान घेऊन येईल आणि ते पुसायचं नाही. त्याला बोथ माहीत नाही, सोयाबीनची गोणपाटं माहीत नाहीत. तरी त्याने आमचं सामान जपलं. आणि मी, जिने शब्द दिला होता, तिने त्याची पाटी वाचलीसुद्धा नाही.

फोल्डर सापडलं म्हणजे काम झालं असं नाही. त्यातलं फक्त जुन्या प्रोग्रॅमलाच वाचता येतं. मूळ फोल्डरला हात न लावता त्याची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. माझ्या लॅपटॉपवर जुना मायएसक्यूएल, अगदी तीच आवृत्ती, उतरवायला लावली. आमचं इंटरनेट म्हणजे बैलगाडी. दोन वाजले, अडीच वाजले. सर दर दहा मिनिटांनी दारात.

"हुआ?"

"उतर रहा है, सर."

"पक्का मिलेगा?"

"मिलेगा तो बोलूंगी, सर. अभी कुछ नहीं बोलूंगी."

बाहेर दादा वहिनींना चहा देत होते. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं.

"बाई वाचून राह्यली," दादा म्हणाले. "सकाळी वाचलं असतं तं आता झोपली असती."

"वाचू द्या," वहिनी म्हणाल्या. "तुमी तिले आवाज नोका देऊ. तुमी मोजता तवा कोणी बोलते काय तुमच्याशी?"

दादांनी रिकामा कप उचलला.

तीनच्या सुमारास जुना प्रोग्रॅम लॅपटॉपवर बसला, पण सुरूच होईना. म्हणाला, या फाइली माझ्या नाहीत. फाइलींची मालकी त्याच्या नावावर केली. मग सुरू झाला आणि मी विचारलं, दाखव. आमचं सगळं नावानिशी समोर आलं. मी आरडाओरडा केला नाही. अजून ते माझ्या लॅपटॉपवर होतं, सर्व्हरवर नव्हतं.

त्या प्रोग्रॅमकडून सगळा डेटा साध्या मजकुराच्या एका फाइलीत उतरवून घेतला आणि ती फाइल सर्व्हरवर नव्या मारियाडीबीला वाचायला दिली. तिसऱ्याच ओळीवर ती अडली. अक्षरांचा क्रम कसा लावायचा याचा एक नियम असतो. जुन्याने फाट्याच्या पुढे गेल्यावर स्वतःचा नवा नियम केला होता आणि आमच्या मारियाडीबीला त्या नियमाचं नावच माहीत नव्हतं. दोघांनी एकाच रस्त्यानं सुरुवात केली होती, पण पुढे दुकानं वेगळी लागली. फाइलीत जिथे जिथे ते नाव होतं तिथे तिथे दोघांनाही कळेल असा जुना नियम टाकला. तो मराठी आणि तेलुगू दोन्ही नावांना चालेल ना, हे आधी चार खोटी नावं टाकून बघितलं. आता माझ्यात घाई उरली नव्हती.

या खेपेला फाइल शेवटपर्यंत गेली.

तरी मी लगेच मान्य केलं नाही. लॅपटॉपवर किती नोंदी, सर्व्हरवर किती, ते मोजलं. सारख्या भरल्या. मग दादांना आत बोलावलं आणि पडदा न दाखवता विचारलं, "बावीस नंबरचं किती?"

"शहाऐंशी."

"चाळीसच्या पुढचे दोन गेलेले कोणते?"

"त्रेचाळीस आन सत्तेचाळीस. एक अडतीस, एक... बेचाळीस असन."

दोन्ही बरोबर होते. दादा पडद्याकडे वाकून म्हणाले, "पाह्य, मी म्हनलं होतं ना आठवते म्हून."

"म्हणालात दादा. पण बाकीचे?"

"बाकीचे नाई आठवत," ते म्हणाले, आणि दोघंही हसलो. सकाळपासूनचं पहिलं हसणं.

सरांनी शेवटचा प्रयत्न केला. "अब पुराना वाला ही वापस डाल दो ना, मॅडम. झंझट नहीं."

मी त्यांना नीट समजावलं. जुना बाहेरून आणलेला आहे. आमच्या घराण्यात त्याला सांभाळणारं कोणी नाही. पुढच्या खेपेला तो पुन्हा असाच फाट्यावर उभा राहील, तेव्हा कदाचित मी इथे नसेन आणि दुसरं कोणी ओके दाबेल. नव्यावरच राहायचं. आणि रोज बॅकअप, तोही पासवर्ड लावून कुलूपबंद. "मेरी गलती थी, सर. लिख के देती हूँ. लेकिन वापस नहीं जाएंगे." त्यांनी लिहून घेतलं नाही. मान हलवून बाहेर गेले.

साडेचार वाजले होते. मी वहिनींना आत बोलावलं आणि दार लोटलं. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. घामानं शाई पसरली होती, पण नंबर वाचता येत होता. मी तो टाकला. पडद्यावर त्यांचं नाव आलं आणि पुढे आकडा.

"किती?" त्या पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बासष्ट."

"बासष्ट म्हंजे? चांगलं का वाईट?"

"मधलं. मेलेलं नाही. पण एकरी बियाणं जास्त टाकावं लागेल."

त्या मनात काहीतरी जुळवत राहिल्या. बोटं पदराच्या काठावर सरकत होती. "पोतं एकच हाय मायाजवळ," त्या म्हणाल्या. "तीन एकराले नाई पुरणार. दोनातच टाकतो. तिसऱ्यात तूर पेरतो. थैली नाई घेत म्हंजे नाई घेत."

"दादांना विचारायचं नाही का?" मी म्हटलं, म्हणजे त्यांच्या मालकांना.

"त्याईले काय विचाराचं? बियाणं मी निवडलं, निवडून निवडून बोटं दुखले माहे. सांगीन घरी गेल्यावर." चिठ्ठी उचलून त्यांनी ब्लाउजमध्ये खोचली. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. दाराशी जाऊन त्या वळल्या आणि कोपऱ्यातल्या डेस्कटॉपकडे बोट केलं.

"बाई, हे नवं हाय म्हंता ना? यात राह्यन आता आमचं?"

"राहील."

"आन नाई राह्यलं तं?"

"तं मी पुन्हा काडीन, वहिनी."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मान हलवली आणि ऑटोत जाऊन बसल्या.